उडणारी यंत्रे, अडणारी खरेदी

सप्टेंबर २०२५च्या मध्यात आष्टी तालुक्यात अतिवृष्टी झाली, कडा आणि आसपासच्या गावांना पाण्याचा वेढा पडला आणि अडकलेल्या माणसांना उचलून आणण्यासाठी लष्करी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. एरवी बीड जिल्ह्याचा आणि लष्करी सामग्रीचा संबंध दूरचा. इथे छावणी नाही, आयुध निर्माणी नाही, चालता विमानतळ नाही. शस्त्र म्हटले की अलीकडे गावठी कट्टे आणि पिस्तुलांचे परवाने यांचीच चर्चा. तरीही दिल्लीत संरक्षण मंत्रालयात जी खरेदी होते किंवा होता होता राहते, तिचा परिणाम सीमेपासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या अशा तालुक्यालाही भोगावा लागतो. हेलिकॉप्टर, ड्रोन आणि एकूण शस्त्रखरेदी यांवर गेल्या काही वर्षांत भरपूर बोलले गेले, पण बहुतेक वेळा ते किंमत, कमिशन आणि परदेशी की स्वदेशी या तीन खुंट्यांभोवती फिरत राहिले. मला यातला खरा प्रश्न वेळेचा वाटतो. हेलिकॉप्टर एकदा घेतले की तीस-चाळीस वर्षे वापरायचे असते. त्याला ठाम, दूरवरचा निर्णय आणि न तुटणारी मागणी लागते. लहान ड्रोन वर्षभरात जुना होतो. त्याला थोडी थोडी, वारंवार आणि दरवेळी तपासून केलेली खरेदी लागते. आपण बराच काळ याच्या उलट वागलो. हेलिकॉप्टरच्या बाबतीत निर्णय घ्यायचा आणि मोडायचा, आणि ड्रोन मात्र संकट आले की एकदम घाऊक उचलायचे.

घाईच्या खरेदीचा एक धडा बीडच्या स्वतःच्या इतिहासात आहे. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. नोव्हेंबर १९४७च्या जैसे थे करारानंतर भारताने संस्थानाची नाकेबंदी केली, तेव्हा निजाम सरकारने सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला गाठले. त्याने जुन्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांवरून बेतलेली मालवाहू विमाने मिळवली आणि १९४८च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कराचीहून रात्रीची उड्डाणे करून शस्त्रे हैदराबादेत उतरवली. पैसा होता, विकणारे होते, वाहतुकीची हिंमतही होती. पण १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाल्या, १७ तारखेला निजामाने हत्यार टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. त्या पराभवाची राजकीय कारणे फार मोठी आहेत. निजामाच्या राजवटीला बहुसंख्य प्रजेचा पाठिंबाच नव्हता. पण निव्वळ लष्करी नजरेने पाहिले तरी दिसते की विमानातून उतरलेल्या पेट्यांबरोबर प्रशिक्षण, सुटे भाग, दारूगोळ्याचा पुढचा पुरवठा आणि सरावाला लागणारे महिने उतरत नाहीत.

आता हेलिकॉप्टरकडे. भारतीय लष्कराच्या हलक्या हेलिकॉप्टरांचा कणा अजूनही चेतक आणि चीता ही यंत्रे आहेत. चेतक म्हणजे फ्रान्सचे अल्युएट-३. त्याचा परवाना १९६२चा. चीता म्हणजे फ्रेंच लामा. त्याचा करार १९७०चा. त्या काळात हे निर्णय उत्तम होते. चीता इतक्या उंचीवर उतरू शकतो की १९८४ पासून सियाचीनच्या चौक्या त्याच्या जिवावर तगल्या. पण एक इंजिन, जुनी उपकरणे, रात्री आणि खराब हवामानात मर्यादा, आणि मूळ उत्पादकाकडे कधीच बंद झालेली निर्मिती, यामुळे त्यांना पर्याय शोधण्याचे काम या शतकाच्या सुरुवातीलाच निघाले. १९७ हेलिकॉप्टरांची निविदा निघाली, चाचण्या झाल्या, युरोकॉप्टरचे यंत्र पसंत पडले आणि डिसेंबर २००७ मध्ये सगळे रद्द झाले. २००८ मध्ये पुन्हा निविदा, पुन्हा हिमालयात चाचण्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा रद्द. मार्च २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना निवेदन देऊन ही जुनी यंत्रे उडवणे थांबवा अशी मागणी केली. त्याच वर्षी रशियाशी कामोव्ह-२२६टीच्या २०० यंत्रांचा सरकारी पातळीवरचा करार झाला: ६० तयार, १४० इथे बनवायची. स्वदेशी भागांचे प्रमाण आणि किंमत यांवर तो अडकला तो अडकलाच. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे हलके हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले, २०२१च्या अखेरीस फक्त १२ यंत्रांना मंजुरी मिळाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जगभरच्या कंपन्यांना पुन्हा विचारले की लष्करासाठी १२० आणि हवाई दलासाठी ८० अशी २०० हलकी हेलिकॉप्टरे कोण देऊ शकेल. बीडच्या वाचकाला ही गती ओळखीची वाटेल. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडला प्रत्यक्ष गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. फरक एवढाच की रेल्वे येईपर्यंत माणसे एसटीने जात होती. सियाचीनच्या चौकीला एसटी नाही.

या कथेत कोणी एक खलनायक नाही, आणि म्हणून ती जास्त त्रासदायक आहे. प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर समजण्यासारखा होता. २००७ मध्ये चाचणीला आणलेले यंत्र आणि प्रत्यक्ष विकायचे यंत्र एकच नसल्याचा आक्षेप होता. २०१४ मध्ये नव्या सरकारला देशी उत्पादन हवे होते. रशियन करारात स्वदेशी वाटा वाढवायचा होता. पण खरेदी रद्द करणाऱ्या फाइलीवर रद्द करण्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते. जुने यंत्र आणखी दहा वर्षे उडवण्याचा खर्च, त्याच्या सुट्या भागांसाठीची धावपळ, अपघातात गेलेले वैमानिक, हा सगळा हिशेब दुसऱ्याच खात्यात पडतो. विकत घेतल्याबद्दल चौकशी होऊ शकते. न घेतल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण प्रचंड या देशी हल्लेखोर हेलिकॉप्टरचे आहे. १९९९च्या कारगिल युद्धात उंचावरून मारा करू शकणारे हल्लेखोर हेलिकॉप्टर आपल्याकडे नव्हते. एमआय-१७ या मालवाहू हेलिकॉप्टरांना रॉकेटे लावून पाठवावे लागले आणि २८ मे रोजी त्यातले एक पाडले गेले. त्या अनुभवातून निघालेले प्रचंड २०१० मध्ये पहिल्यांदा उडाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला हवाई दलात दाखल झाले, आणि २८ मार्च २०२५ रोजी १५६ यंत्रांचा ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला: ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला. कारगिलपासून मोठ्या करारापर्यंत पंचवीसहून जास्त वर्षे गेली, तेव्हा हे वेगाचे उदाहरण नक्कीच नाही. सातत्याचे मात्र आहे. आधी १५ यंत्रे घेऊन वापरून पाहिली, मग मोठी मागणी दिली. त्याच काळात लष्करासाठी अमेरिकेकडून फेब्रुवारी २०२० मध्ये मागवलेल्या सहा अपाचे हेलिकॉप्टरांची वाट पाहत जोधपूरची तुकडी मार्च २०२४ मध्ये उभी राहिली आणि पहिली तीन यंत्रे तिच्या हाती जुलै २०२५ मध्ये पडली. तयार माल परदेशातून घेतला की तो वेळेवर येतो, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

देशी यंत्राचे गुणगान करताना ध्रुव या दुसऱ्या देशी हेलिकॉप्टरचा धडा झाकता येत नाही. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले, तिघांचा जीव गेला आणि तिन्ही दले व तटरक्षक मिळून सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर बसवली गेली. लष्कर आणि हवाई दलाची ध्रुव पुन्हा उडायला जवळजवळ चार महिने लागले, आणि तीही पहलगामच्या हल्ल्यानंतर. एकाच प्रकारच्या यंत्रावर इतके अवलंबून राहिले की एका भागातला दोष साऱ्या ताफ्याला खाली बसवतो. ते चार महिने पावसाळ्यात आले असते तर पूरग्रस्त जिल्ह्यांना कोणती हेलिकॉप्टरे मिळाली असती? तेव्हा स्वदेशी हा शब्द गुणवत्तेची पावती नव्हे. त्याचा एकच ठोस फायदा आहे: दोष कुठे आहे ते शोधण्याची, उघडून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा आपल्या हातात राहते. ती मुभा वापरायला स्वतंत्र तपासणी लागते, आणि बनवणारा, दुरुस्त करणारा व ग्राहकाला समजावणारा एकच सरकारी कारखाना असेल तर ती तपासणी ढिली पडण्याचा धोका कायम राहतो.

इथे सगळ्यात जुना आणि वजनदार आक्षेप येतो. निर्णय लवकर आणि ठाम घ्या म्हणता, पण मग दलाली कशी रोखणार? बोफोर्स कसे विसरणार? आक्षेप खरा आहे. १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, पुढच्या वर्षी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि एका सरकारची पत गेली. २०१० मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी १२ ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांचा करार झाला आणि लाचखोरीच्या आरोपांनंतर १ जानेवारी २०१४ रोजी तो रद्द झाला. पण या दोन्ही प्रकरणांत आपण शिक्षा कोणाला दिली, हे पाहिले पाहिजे. बोफोर्सनंतर पुढची जवळजवळ तीस वर्षे लष्कराने एकही नवी जड तोफ घेतली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकी एम-७७७चा करार झाला तेव्हा ती कोंडी फुटली. मधल्या काळात कारगिलमध्ये शिखरांवर मारा करायला तीच बदनाम बोफोर्स कामाला आली. ऑगस्टा प्रकरणात ज्या इटालियन उद्योगसमूहावर ठपका आला, त्याच समूहातल्या कंपनीकडून माझगाव डॉकमध्ये बनणाऱ्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी पाणतीर घ्यायचे ठरले होते. तेही रद्द झाले आणि कोट्यवधींच्या नव्याकोऱ्या पाणबुड्या जुन्या पाणतीरांवर चालल्या. लाच घेणाऱ्याला तुरुंग आणि देणाऱ्या कंपनीला जबर दंड, हा मार्ग अवघड आहे, कारण त्यासाठी न्यायालयात गुन्हा सिद्ध करावा लागतो. काळ्या यादीत टाकणे सोपे. त्याची झळ सैनिकाला बसते आणि दलाल बहुधा दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेऊन हजर असतो. शिवाय विलंबाने दलाली कमी होते, याला पुरावा नाही. फाइल जितक्या टेबलांवरून जाते तितक्या ठिकाणी तिला पुढे ढकलणारा लागतो, हे तहसील कचेरीत एकदा जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको.

ड्रोनच्या बाबतीत चूक वेगळ्या दिशेची आहे. सुरुवात चांगली झाली होती. २०२०च्या लडाख संघर्षानंतर लष्कराने उंचीवरच्या प्रत्यक्ष चाचण्या घेऊन जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीला स्विच या टेहळणी ड्रोनची सुमारे २ कोटी डॉलरची मागणी दिली. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही कंपनी. नागपूरच्या सोलर समूहाने नागास्त्र-१ हा लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारा, आणि लक्ष्य न मिळाल्यास हवाई छत्रीने परत उतरवता येणारा ड्रोन बनवला. त्याच्या ४८० नगांची मागणी होती, पहिले १२० जून २०२४ मध्ये लष्कराला मिळाले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रालयाला ४०० मालवाहू ड्रोनांचे २३० कोटींहून अधिक रकमेचे करार रद्द करावे लागले, कारण त्यांत चिनी भाग असल्याचे आढळले. ज्या सीमेवर चीनसमोर वापरायचे, त्या यंत्रात चिनी इलेक्ट्रॉनिक्स! घोषणापत्रावर विश्वास ठेवला आणि यंत्र उघडून पाहायला उशीर केला, की हेच होणार. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची सवय इथे विशेष महाग पडते. स्वस्त ड्रोन स्वस्त का आहे, तर त्याचा मोटर-नियंत्रक, कॅमेरा आणि संपर्कयंत्रणा शेंझेनच्या बाजारातून आलेली असते.

ड्रोन किती वेगाने जुने होतात आणि किती खपतात, हे युक्रेनने दाखवले. ब्रिटनच्या आरयूएसआय या संरक्षण अभ्यास संस्थेने मे २०२३ मध्ये अंदाज दिला होता की युक्रेन महिन्याला सुमारे १० हजार ड्रोन गमावतो आहे. एका बाजूने रेडिओ लहरी अडवल्या की दुसरी बाजू काही महिन्यांत काचतंतूच्या तारेवर चालणारे ड्रोन आणते. अशा वस्तूसाठी तीन वर्षे चालणारी निविदा म्हणजे आधीच जुना झालेला माल घेण्याची हमी. मे २०२५च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये ८ तारखेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सरकारने सांगितले. त्यातले अनेक पाडायला नव्या आकाश क्षेपणास्त्रांइतकीच जुनी, सुधारून घेतलेली एल-७० तोफही उपयोगी पडली, ही नोंद महत्त्वाची. त्यानंतर जूनमध्ये मंत्रालयाने तातडीच्या अधिकारात १,९८१.९० कोटींचे १३ करार केले. त्यांत ड्रोन होते, ड्रोनविरोधी यंत्रणा होती, खालून उडणारे ओळखणारी हलकी रडार होती. मला तातडीच्या खरेदीचे वावडे नाही. तक्रार अशी आहे की जी पद्धत ड्रोनसाठी कायमची हवी ती फक्त गोळीबार सुरू झाल्यावर वापरली जाते आणि शांतता झाली की कपाटात जाते. दर सहा महिन्यांनी काहीशे ड्रोन घ्या, तुकडीला वापरायला द्या, अडवणूक करणाऱ्या लहरींच्या माऱ्यात उडवून पाहा, दोन यंत्रे फोडून भाग मोजा, आणि मग पुढची मागणी द्या. यात मोठ्या घोटाळ्याला वावही कमी राहतो, कारण एका करारात अडकणारी रक्कमच लहान असते. घाईमुळे भ्रष्टाचार वाढेल या भीतीचे ड्रोनपुरते हे उत्तर पुरेसे आहे.

ड्रोन पकडण्याचा प्रश्न केवळ पंजाब-राजस्थानचा नाही. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्याच्या गावागावांत रात्री ड्रोन फिरत असल्याची चर्चा होती. लोक काठ्या घेऊन जागत होते, चोर टेहळणी करतात अशी अफवा होती, आणि आकाशातला दिवा कोणाचा हे खात्रीने सांगणारी कोणतीही यंत्रणा जिल्हा पातळीवर नव्हती. लष्करी ड्रोनविरोधी साधने तालुक्याला मिळावीत असे कोणी म्हणणार नाही. पण खालच्या उंचीवरचे आकाश आपल्याला दिसत नाही, ही उणीव तेव्हा घरबसल्या कळली.

आता काहीजण विचारतील, एवढे ड्रोन आले तर हेलिकॉप्टरांवर ६२ हजार कोटी कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जपानने डिसेंबर २०२२च्या संरक्षण आराखड्यात हल्लेखोर आणि टेहळणी हेलिकॉप्टरांच्या जागी ड्रोन आणण्याचे ठरवले. अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या नव्या टेहळणी-हल्ला हेलिकॉप्टरचा कार्यक्रम गुंडाळला. टेहळणीपुरते हे मला पटते. शत्रूच्या तोफा शोधायला दोन माणसांना चीतात बसवून पाठवण्याचे आता कारण उरलेले नाही. हल्लेखोर हेलिकॉप्टरांबाबतही शंका रास्त आहे, आणि १५६ प्रचंडच्या पुढे आणखी मोठी मागणी देण्याआधी युक्रेनच्या मैदानाचा नीट अभ्यास व्हावा. पण जखमी सैनिकाला अठरा हजार फुटांवरून खाली आणणे किंवा पाण्याने वेढलेल्या वस्तीवरून म्हातारी माणसे उचलणे हे काम आज कोणताही लहान ड्रोन करत नाही. ड्रोन माणूस कुठे अडकला ते दाखवील. उचलायला हेलिकॉप्टरच लागेल. म्हणून २०० हलक्या हेलिकॉप्टरांची गरज ड्रोनमुळे कमी होत नाही. उलट हल्ला आणि टेहळणीचे ओझे ड्रोनवर गेले तर हेलिकॉप्टरचे वर्णनपत्र साधे करता येईल: उंची, वजन, सुरक्षितता, दुरुस्तीची सोय. आपल्याकडे निविदा कोसळण्याचे एक कारण हेच की एकाच यंत्रात सगळे गुण मागितले जातात आणि ते यंत्र जगात कोणी बनवत नाही.

परदेशी की देशी, या वादात मधला अडथळा इंजिनाचा आहे. ध्रुव, प्रचंड आणि नवे हलके हेलिकॉप्टर, तिन्ही शक्ती जातीच्या इंजिनावर उडतात आणि ते फ्रेंच कंपनीच्या साथीने बनलेले आहे. मोठ्या ड्रोनची अवस्था याहून बिकट. तपस हा देशी ड्रोन अपेक्षित उंची आणि उड्डाणकाळ गाठू शकला नाही, म्हणून २०२४च्या सुरुवातीला त्याचा प्राधान्याचा दर्जा काढला गेला, आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन सुमारे ३२ हजार कोटींना घेण्याचा करार झाला. आष्टीला लागूनच असलेल्या अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओच्या व्हीआरडीईने, निशांत ड्रोनसाठी इतर संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचे व्हांकेल इंजिन विकसित केले होते. काम झाले, पण निशांतची मागणीच मूठभर राहिली. उत्पादनाची मालिका चालली नाही की इंजिन सुधारत नाही, कारागीर पांगतात आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. तोफेलाही असेच थांबावे लागले. डीआरडीओच्याच पुण्यातल्या एआरडीई या संस्थेने आखलेली अटॅग्स तोफ २०१३ पासून बनत होती. ३०७ तोफांचा ६,९०० कोटींचा करार भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी मार्च २०२५ मध्ये झाला. मधल्या बारा वर्षांत त्या कंपन्यांनी स्वतःचे पैसे अडकवून ठेवले. मोठ्यांना ते परवडते. विजय केळकर समितीने २००५ मध्येच खासगी उद्योगाला या क्षेत्रात बरोबरीची जागा देण्याची शिफारस केली होती. मनोहर पर्रीकरांच्या काळातल्या २०१६च्या नियमावलीने देशात आखलेल्या आणि बनवलेल्या मालाला पहिला क्रम दिला. नियम बऱ्यापैकी बदलले. मागणीचे वेळापत्रक बदललेले नाही.

बीडसारख्या जिल्ह्यासाठी या सगळ्याचा अर्थ काय, याबद्दल अधूनमधून एक मागणी ऐकू येते: मराठवाड्यात संरक्षण उद्योगाचा मोठा प्रकल्प आणा. ओझरला १९६४ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, मिग विमानांचा कारखाना आला आणि नाशिकचे रूप बदलले, हे खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तेजसची मालिकाही सुरू झाली. पण तसा कारखाना जिल्हाजिल्ह्यात उभा राहत नाही, आणि त्याची आश्वासने निवडणुकीपुरती बरी. जास्त शक्यतेची गोष्ट सुट्या भागांची आहे. प्रचंडच्या करारात २५०हून अधिक देशी कंपन्यांना काम मिळेल आणि त्यातल्या बहुतेक लघु व मध्यम उद्योग असतील, असे सरकारने जाहीर केले आहे. वाळूजचे कारखाने वाहन उद्योगासाठी अचूक भाग बनवतात. नगरची संशोधन संस्था आणि के. के. रेंजचे चाचणीचे मैदान बीडच्या वेशीवर आहे. रेल्वेही आता आली आहे. आयटीआयमधून यंत्रकाम शिकून पुणे-चाकणची वाट धरणाऱ्या मुलांपैकी काहींना ड्रोनच्या सांगाड्याचे किंवा तारजोडणीचे काम बीडमध्येच मिळणे अशक्य नाही. फवारणीचे ड्रोन शेतात आले आहेत, त्यांच्या दुरुस्तीचे हात इथे तयार होऊ शकतात. मात्र पाच लेथ असलेला वर्कशॉपवाला बँकेकडून कर्ज काढून नवे यंत्र घेईल ते पुढची तीन वर्षे दर तिमाहीला किती नग लागणार हे त्याला लेखी दिसले तरच. एकदम ४०० ड्रोनांची मागणी, मग रद्द, मग शांतता, मग युद्ध आणि पुन्हा मागणी, या चक्रात टिकतो तो मोठा समूह किंवा आयात करून लेबल चिकटवणारा. तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये विचारणा केलेल्या २०० हेलिकॉप्टरांचा करार ज्या दिवशी होईल, त्या दिवशी किमतीच्या आकड्याआधी त्यातले पुरवठ्याचे वेळापत्रक, सुट्या भागांची देशी यादी आणि करार मोडल्यास जुन्या ताफ्याचे काय करायचे याचे कलम वाचायला हवे.